खुर्चीवरचा रुमाल

एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि वेळ आली तेव्हा मीही टाकला आहे. हॉटेलात शिरल्याबरोबर आपल्या समोरच्या रिकाम्या खुर्चीवर रुमाल टाकणारा माणूस मात्र मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे सर. बरं, कोणी यायचं असायचं म्हणून टाकत, असंही नाही. रुमाल टाकून ते निवांत बसत आणि पोह्यांवर तर्री ओतून घेत. मग कोणी अनोळखी माणूस हातात प्लेट घेऊन जागा शोधत आला आणि त्यानं विचारलं, "कोनी येऊन राह्यलं का अथी?", की सर रुमाल उचलून खिशात घालत आणि म्हणत, "हो, तुमीच. बसा."

माणूस बुचकळ्यात पडायचा. काही जण बसायचे. काही जण म्हाताऱ्याचं डोकं सरकलं असं समजून उभ्याउभ्या खाऊन निघून जायचे.

आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावात बसस्टँडजवळ ते पत्र्याचं हॉटेल अजून आहे. मी किन्हीराजाच्या बाजूला एका शाळेवर मास्तर आहे, मालेगावात राहतो आणि रोज मोटरसायकलनं जाणं-येणं करतो. सर त्याच शाळेतून निवृत्त झाले. त्यांची शेवटची पाच वर्षं आम्ही एका स्टाफरूममध्ये काढली, आणि खरं सांगायचं तर तेव्हा त्यांच्यात लक्षात ठेवण्यासारखं मला काही दिसलं नव्हतं. वेळेवर येत, गणित शिकवत, मधल्या सुट्टीत कोपऱ्यातल्या टेबलावर आमच्याकडे पाठ करून डबा खात. त्यांच्या डब्यात काय असतं हे मला पाच वर्षांत कळलं नाही. त्यांची बायको वारली तेव्हाही ते आठवड्याभरात शाळेत आले आणि त्याच कोपऱ्यात पाठ करून बसले. हा माणूस पुढं भर बाजारात अनोळखी लोकांना समोर बसवून जेवेल, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

फरक पडला तो मलेशियानं. त्यांची एकुलती एक लेक आणि जावई तिकडे क्वालालंपूरला नोकरीला. निवृत्तीनंतर लेकीनं तीन महिन्यांसाठी बापाला बोलावून घेतलं. सरांना शुगर होती. लेकीनं त्यांच्यासाठी ओट्सचा मोठा डबा भरून ठेवला आणि बाहेरचं काही खायचं नाही अशी ताकीद दिली. सकाळी सातला लेक-जावई लेकराला पाळणाघरात सोडून ऑफिसला निघत. दार लागलं की दहा मिनिटांत सर लिफ्टनं खाली. ओट्स मात्र ते रोज एक वाटी मोजून काढत आणि गॅलरीतल्या पाखरांना टाकत, म्हणजे डबा बरोबर हिशेबात उतरत जाई. गणिताचे मास्तर होते शेवटी.

इमारतीच्या खाली एका तमिळ मुसलमानाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे वर पत्रा, खाली फुटपाथ, मध्ये प्लास्टिकची टेबलं. तिथल्या खाण्याचं वर्णन सर असं करीत की ऐकणाऱ्याची आलूबोंड्यावरची वासना उडावी. मैद्याचा गोळा घेऊन तो माणूस हवेत असा फेकतो जसा धोबी लुगडं झटकतो, आणि ते लुगडं घडी होऊन तव्यावर पडतं. ती रोटी चनाई. सोबत पातळ वरण. नाहीतर मग नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, केळीच्या पानात बांधलेला, आत लाल चटणी आणि तळलेली बारीक सुकी मासळी. "आपल्या बाजारातली सुकटच समज," सर म्हणायचे, "पण तेची इज्जत पाह्य, केळीच्या पानात बसते." चहा तर तिथं ओढतात. एका मगातून दुसऱ्या मगात हातभर उंचीवरून, पुन्हा पुन्हा, फेस येईस्तोवर.

हा चहा सरांनी आमच्या मालेगावच्या हॉटेलवाल्याला शिकवला. पहिल्या दिवशी त्यानं अर्धा चहा जमिनीवर आणि उरलेला स्वतःच्या पायावर ओढला. सर मागं उभे राहून, वर्गात पोराला फळ्याजवळ उभं करावं तसं त्याला "हात वर, आनखी वर" सांगत होते. आठ दिवसांत त्याला जमलं. पुढं गिऱ्हाईकं तोच चहा मागू लागली. नाव पडलं, सरवाला चहा.

पण रुमालाची गोष्ट राहिली.

मलेशियातल्या पहिल्याच सकाळी सरांनी आपल्या इकडच्या सवयीनं एका खुर्चीवर रुमाल टाकला आणि हात धुवायला गेले. परत येऊन पाहतात तर त्याच खुर्चीवर एक चिनी म्हातारा, अंगात बनियन, खाली हाफपँट, आरामात बसलेला. रुमाल त्यानं चारपदरी घडी करून टेबलावर ठेवलेला. कोणाचा तरी विसरला असेल असं त्याला वाटलं असावं. सरांनी त्याला आपल्या वऱ्हाडीत सुनावलं की ही जागा मी धरेल हाय, माणसानं पाहून बसावं. म्हाताऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग खिशातून कागदी रुमालांचं एक छोटं पुडकं काढलं, समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं टेबलावर ठेवलं आणि त्यावर दोनदा थाप मारली. जागा अशी धरतात, असं सांगत होता. सर त्या खुर्चीवर बसले.

दुसऱ्या दिवशी सर खाली उतरले तेव्हा म्हातारा आधीच आलेला होता आणि त्याच्या समोरच्या खुर्चीपुढं पुडकं ठेवलेलं होतं. तिसऱ्या दिवशी सरांनीही एक पुडकं विकत घेतलं. मग जो आधी येईल त्यानं दुसऱ्याची जागा धरायची, असं ठरूनच गेलं. म्हातारा चिनी बोलायचा, सर वऱ्हाडी बोलायचे. असे ऐंशी-पंच्याऐंशी दिवस.

मी एकदा विचारलं, त्याला तुमचं काय समजत होतं?

"जे मले त्याचं समजे, तेच."

"म्हंजे काय?"

"काईच नाई," सर म्हणाले आणि असे हसले की पाच वर्षांच्या स्टाफरूममध्ये मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग चहाचा घोट घेतला. "आपल्या इकडं चहा पोटात जायच्या आदी आडनाव इचारतेत, गड्या. माह्या बापाची कपबशी हॉटेलच्या बाहेर कुडात खोचेल राहे. पेला का धुवून पुन्हा कुडात. त्या मानसानं मले तीन महिने काईच नाई इचारलं. फक्त जागा धरून ठेवली."

मला एकदम तो कोपरा, ती पाठ आणि तो डबा आठवला. सर तिथं का बसत हे मला तेव्हा कळलं. त्या स्टाफरूममध्ये आम्ही चौघं मास्तर एकमेकांच्या भाज्या वाटून खात होतो आणि सर, इकडं या, असं पाच वर्षांत एकदाही माझ्या तोंडून निघालं नव्हतं. वाईट हेतू नव्हता म्हणावं, तर चांगला तरी कुठं होता?

असो. मलेशियाहून परतल्यापासून ते साडेनऊला हॉटेलात येत, रुमाल टाकत, आणि शाळेला निघताना मी थांबलो की तो रुमाल माझ्यासाठी उचलला जाई. नाही थांबलो की दुसऱ्या कोणासाठी. समोर बसलेल्याला गाव, नाव, कोणाचा कोण, काही विचारायचं नाही असा त्यांचा नियम होता. पिकाचं बोलायचं, तब्येतीचं बोलायचं, तर्री किती तिखट झाली ते बोलायचं. एकदा मी समोरच्याला सवयीनं "कोणत्या गावचे तुम्ही?" विचारलं तर सरांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

त्यांच्या मनाला एकच गोष्ट लागून राहिली होती. निघायच्या दिवशी त्यांना म्हाताऱ्याला सांगायचं होतं की मी आता घरी चाललो. लेकीला मध्ये घालता येत नव्हतं, कारण मग ओट्सचं बिंग फुटलं असतं. हॉटेलवाल्याला मोडक्या इंग्रजीत सांगता आलं असतं, पण सर हट्टी. इतके दिवस दोघांत तिसरा लागला नाही, आता कायले, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा त्यांनी हाताचं विमान केलं, टेबलावरून उडवलं आणि आभाळाकडं नेलं. म्हातारा खूश झाला. त्यानंही हाताचं विमान केलं आणि सरांच्या विमानामागं उडवलं. दोघं हसले. उठताना म्हाताऱ्यानं खिशातलं पुडकं काढून दाखवलं आणि थाप मारली. उद्या जागा धरतो.

"त्याले वाटलं मी खेळ करून राह्यलो," सर सांगायचे. "दुसऱ्या दिवशी तो जागा धरून बसला असन. तिसऱ्या दिवशीबी. मानूस मेला का गेला, त्याले काय मालूम?"

हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं याला गणती नाही. आणि एक दिवस त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं. त्या मलेशियातल्या हॉटेलचं, खाली फोन नंबर छापलेला. सरांना कोणीतरी सांगितलं होतं की मोबाईलवर मराठीत लिहिलं की चिनीत होतं. शाळेतले ऑनलाइनचे सगळे उद्योग मीच करतो, तेव्हा हे काम माझ्याकडं आलं. त्यांनी मजकूर सांगितला आणि मी कार्डाच्या मागं पेनानं लिहून घेतला: मी न सांगता गेलो नाही. सांगितलं होतं, तुला समजलं नाही. मी घरी सुखरूप आहे. आता माझी जागा धरू नको, दुसऱ्या कोणाला बसू दे.

हे चिनीत करून त्या नंबरवर टाकायचं आणि हॉटेलवाल्याला म्हणायचं की खांबाजवळच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याला दाखव. एवढंच.

"होईन का तुह्याच्यानं?" त्यांनी विचारलं.

"पाच मिनिटांचं काम आहे सर," मी म्हणालो. "आजच करून टाकतो."

त्या दिवशी मतदार यादीचं काम होतं. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षण. मग परीक्षा, मग उन्हाळ्यात साळ्याचं लग्न. कारणं खरी होती, पण या सगळ्या काळात मी मोबाईलवर रोज तास-दीड तास काय पाहत होतो ते मला चांगलं ठाऊक आहे. खरं म्हणजे मला ते काम खेळातलं वाटत होतं. म्हाताऱ्याचं एक खूळ. पहिले काही दिवस सर मला पाहिलं की भुवया वर करत, मी हातानंच "करतो" म्हणायचो. मग त्यांनी भुवया वर करणंही सोडलं. मी आधी त्यांना आशेवर ठेवत होतो, पुढं टाळू लागलो. हॉटेलासमोरून मोटरसायकल न थांबवता नेऊ लागलो.

पावसाळा उतरल्यावर एके सकाळी त्यांनी मला रस्त्यातच गाठलं. इस्त्रीचा शर्ट, हातात तोच रुमाल. चारचौघांसमोर विचारलं, "पाठोला का रे तू तो निरोप?" माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, परवाच."

संध्याकाळी घरी गेल्यागेल्या पाठवून टाकू, म्हणजे खोटं खरं होईल, असा माझा विचार होता. पण कार्ड सापडेना. बॅग पाहिली, कपाट पाहिलं, शाळेतला ड्रॉवर उलटा केला. तीन दिवस शोधलं आणि सोडून दिलं. तेव्हा सरांकडं जाऊन, चुकलं, कार्ड हरवलं, दुसरं कसं मिळवता येईल पाहू, असं सांगायला हवं होतं. इतकं सोपं होतं ते. मी त्याऐवजी हॉटेलात जाऊन त्यांच्या समोर बसलो आणि पोहे मागवले.

"जवाब आला?"

"नाही अजून."

"त्या दोन खुना येतेत ना," सर म्हणाले. व्हॉट्सॲपच्या टिका, वाचलं की निळ्या होतात त्या, त्यांना लेकीनं शिकवल्या होत्या. "निया झाल्या का?"

नाही म्हटलं असतं तर ते रोज विचारत राहिले असते. त्याचा मला कंटाळा आला होता. हेच कारण, दुसरं काही नाही. मी म्हणालो, "झाल्या. वाचलंय त्यांनी."

सरांनी मान हलवली. पुढचे पंधरा-वीस दिवस त्यांनी वाट पाहिली. विचारलं काही नाही, फक्त मी खिशातून मोबाईल काढला की त्यांची नजर त्यावर जायची. मग एक दिवस पोहे अर्धे ठेवून म्हणाले, "रागावला असन तो. वाचलं आनं बोलला नाई म्हंजे रागावलाच. बराबर हाय त्याचं."

"तसं नाही सर, त्यांना वेळ नसेल."

"त्याले काय काम हाय? मी असतो तं मीबी रागावलो असतो."

त्यानंतर मी त्यांना रुमाल टाकताना पाहिलं नाही. हे माझ्या लक्षात यायला काही दिवस गेले. एका आठवडी बाजाराच्या दिवशी हॉटेलात गर्दी होती आणि एक पागोटेवाला माणूस प्लेट घेऊन सरांच्या टेबलापाशी आला. त्यानं विचारलं, कोनी येऊन राह्यलं का? सर म्हणाले, "मालूम नाई." माणूस थोडा थांबला आणि दुसरीकडं गेला. मी शेजारच्या टेबलावर होतो. तेव्हाही मी बोलू शकलो असतो.

हिवाळ्यात सर गेले. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. लेक दुसऱ्या दिवशी पोचली, तोवर धनजहून त्यांची बहीण आणि बाकीचे नातलग जमले होते. सगळं आटोपल्यावर लेक अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मी जवळ जाऊन बसलो. ती म्हणाली, "बाबाला इथं कोणी सांभाळणारं नव्हतं. माझ्याकडं होते तेव्हा कसे शिस्तीत राहत. बाहेरचं कणभर खाल्लं नाही. रोज ओट्स." मी म्हणालो, हो, शिस्तीचेच होते. त्यांचं हे एक गुपित तरी माझ्याकडून नीट सांभाळलं गेलं.

कार्ड यंदा सापडलं. मतदार यादीच्या जुन्या फायलीत, दोन पानांच्या मध्ये, जिथं मी ते पहिल्याच दिवशी ठेवलं असणार. मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात सरांचा मजकूर. मी शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो. तिथंच मोबाईल काढला, मजकूर जसाच्या तसा टाइप केला, चिनीत केला, खाली हॉटेलवाल्यासाठी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या आणि पाठवला. घड्याळ पाहिलं नव्हतं, पण पाच मिनिटंही लागली नसतील. सर वारल्याचं मी लिहिलं नाही. त्यांचं म्हणणं आधी पोचू दे, असं मनात होतं. इतक्या काळानं कोण वाचणार, असंही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच हॉटेलात सरवाला चहा घेत होतो तेव्हा फोन वाजला. आधी फोटो आला. खांबाजवळचं प्लास्टिकचं टेबल, एक वाळलेला म्हातारा, अंगात बनियन, कॅमेऱ्याकडं रोखून पाहणारा. समोर लाल खुर्ची, रिकामी. आणि त्या खुर्चीपुढं टेबलावर कागदी रुमालांचं पुडकं.

फोटोच्या खाली हॉटेलवाल्यानं इंग्रजीत लिहिलं होतं. त्याचा अर्थ असा: अंकल म्हणतात, रागावण्यासारखं काही नाही. जाणारं विमान त्यांना त्याच दिवशी समजलं होतं. जागा ते परत येणाऱ्या विमानासाठी धरतात. ते विचारतात, येणारं विमान कधी आहे?

मी ते तीनदा वाचलं. तिकडं त्या दोन खुणा निळ्या झालेल्या दिसल्या असतील. या वेळी खरोखरच्या. म्हातारा रोज विचारत असेल, जवाब आला का, आणि हॉटेलवाला त्याला सांगत असेल की वाचलंय त्यांनी.

याला आता महिना झाला. रोज मी ते उघडतो, फोटो पाहतो आणि बंद करतो. काय लिहायचं तेही मला माहीत आहे, एका ओळीचं तर आहे. मराठीत लिहिलं की चिनीत होतं. पाच मिनिटांचं काम आहे.